निवडणूक खर्चाची सरकारी भरपाई : कर्नाटकातून दिसणारा प्रश्न

निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराने किंवा पक्षाने प्रचारावर केलेला खर्च निकालानंतर, हिशेब तपासून, सरकारी तिजोरीतून पूर्णतः किंवा अंशतः परत करणे म्हणजे निवडणूक खर्चाची भरपाई. पक्षाला दरवर्षी मिळणारे अनुदान, वस्तुरूप मदत आणि करसवलत हे सरकारी साहाय्याचे इतर प्रकार आहेत. भरपाई त्यांच्याहून वेगळी, कारण ती आधी झालेल्या खर्चावर आणि त्याच्या पुराव्यावर उभी असते. बिल खोटे असेल तर भरपाईही खोटी ठरते. भारतात लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांना अशी रोख भरपाई मिळत नाही. त्यावर पन्नास वर्षे चर्चा चालू आहे आणि ती बहुतेक वेळा ‘सरकारला हे परवडेल का’ या प्रश्नापाशी अडते. कर्नाटकातील आकडे पाहिले तर परवडण्याचा प्रश्न दुय्यम वाटू लागतो. खरी अडचण उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत आहे.

भरपाईची कल्पना जर्मनीत न्यायालयातून पुढे आली. १९५९ पासून तेथील पक्षांना सरकारी अनुदान मिळू लागले होते. १९६६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सर्वसाधारण कामासाठीचे अनुदान अवैध ठरवले, मात्र निवडणूक ही सार्वजनिक गरज असल्याने तिच्या वाजवी खर्चाची भरपाई करता येईल, असे सांगितले. त्यावरून १९६७ चा पक्षविषयक कायदा आला. त्यात भरपाईसाठी अडीच टक्के मतांची अट होती. न्यायालयाने पुढच्याच वर्षी ती अर्ध्या टक्क्यावर आणली. १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने आपली भूमिका बदलली आणि ‘भरपाई’ जाऊन अंशतः सरकारी निधी आला. आज तेथे मिळालेल्या मतांनुसार आणि पक्षाने स्वतः जमवलेल्या वर्गणीनुसार पैसे मिळतात. सरकारी वाटा पक्षाच्या स्वतःच्या उत्पन्नाहून मोठा होऊ दिला जात नाही. लोकांकडून काहीच गोळा न करणाऱ्या पक्षाला सरकारही पोसत नाही, ही तरतूद इतरांनी उचलण्याजोगी आहे.

कॅनडाने १९७४ च्या कायद्याने खर्चमर्यादा, देणग्यांचा जाहीर हिशेब आणि भरपाई ही तिन्ही एकत्र आणली. आज तेथे दहा टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवाराला मान्य खर्चाच्या साठ टक्के रक्कम परत मिळते. फ्रान्समध्ये पाच टक्के मतांच्या अटीवर खर्चमर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते आणि हिशेब एका स्वतंत्र आयोगाकडून मंजूर व्हावा लागतो. ही मंजुरी नावापुरती नसते. निकोला सार्कोझी यांनी २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मर्यादा ओलांडल्याचे आयोगाला आढळले. जुलै २०१३ मध्ये घटना परिषदेने तो निर्णय कायम केला आणि माजी राष्ट्राध्यक्षाची एक कोटी युरोंहून अधिक भरपाई गेली. पक्षाला समर्थकांकडून वर्गणी गोळा करावी लागली.

इटलीचा अनुभव उलट आहे. १९७४ पासून चालू असलेले पक्षांचे अनुदान एप्रिल १९९३ च्या सार्वमतात सुमारे नव्वद टक्के मतदारांनी रद्द केले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने ‘निवडणूक खर्चाची भरपाई’ या नावाने ते परत आणले. बिलांशी तिचा संबंध उरला नाही. रक्कम मतदारसंख्येवरून ठरे आणि पक्षांनी दाखवलेल्या खर्चाच्या कित्येक पट पैसे त्यांच्या हाती पडत. घोटाळे बाहेर आल्यावर २०१३ च्या अखेरीस ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. भारताच्या शेजारच्या भूतानने २००८ च्या कायद्याने सार्वजनिक निवडणूक निधी उभारला आणि अंतिम फेरीतील उमेदवारांना प्रचारासाठी सारखी रक्कम दिली. दोनच पक्ष अंतिम फेरीत उरत असल्याने तेथील वाटपाचे गणित मुळातच सोपे आहे.

भारत सरकार निवडणुकीसाठी पक्षांना काहीच देत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. मान्यताप्राप्त पक्षांना १९७७ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर विनामूल्य वेळ मिळतो. त्यांच्या उमेदवारांना मतदारयादीच्या प्रती फुकट मिळतात. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे अटी पाळणाऱ्या पक्षाचे उत्पन्न करमुक्त असते आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर देणगीदारालाही वजावट मिळू लागली. करसवलत म्हणजे तिजोरीत न आलेला पैसा; त्या अर्थाने करदाता आजही पक्षांचा खर्च उचलतो, फक्त त्याला ते कळत नाही. मतदाराच्या नावाची चिठ्ठी घरोघर पोहोचवणे हा पूर्वी उमेदवारांच्या कार्यकर्त्यांवरचा मोठा भार होता. आता बहुतेक ठिकाणी निवडणूक आयोगच मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांमार्फत (बीएलओ) या चिठ्ठ्या वाटतो. सरकारी निधीचा हा एक तुकडा वेगळा गाजावाजा न होता अमलात आला आहे.

भरपाईचा पाया म्हणजे उमेदवाराचा हिशेब. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च नोंदवायचा, कलम ७८ नुसार निकालानंतर तीस दिवसांत तो सादर करायचा, आणि मर्यादा ओलांडली तर कलम १२३(६) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये ही मर्यादा आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र त्यात येतात. गोव्यात हेच आकडे ७५ लाख आणि २८ लाख आहेत.

ही चौकट १९७४ मध्ये मोडली. दिल्लीच्या सदर मतदारसंघातील अमरनाथ चावला यांच्या १९७१ च्या निवडीविरुद्ध कंवरलाल गुप्ता यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी निकाल दिला. उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्याच खाती धरला पाहिजे, असे न्या. पी. एन. भगवती यांनी म्हटले आणि चावला यांची निवड रद्द झाली. सोळा दिवसांनी वटहुकूम आला. पक्षाने, मित्रांनी किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरू नये, असे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडले गेले. वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ च्या अहवालात या पळवाटेवर बोट ठेवले. २००३ च्या दुरुस्तीने ती बरीच अरुंद केली, तरी प्रमुख प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च अजूनही उमेदवाराच्या खात्याबाहेर असतो आणि पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा नाहीच. त्यामुळे उमेदवाराला चाळीस लाखांत बसवायचे आणि त्याच्या डोक्यावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा हिशेब पक्षाने वेगळा द्यायचा, अशी ही रचना आहे.

वहीत लिहिलेले खरे की खोटे हे कोणी तपासायचे, यावर एक महत्त्वाचा निकाल कर्नाटकातून आला. मंड्या जिल्ह्यातील नागमंगल मतदारसंघातून १९९४ मध्ये निवडून आलेले एल. आर. शिवरामे गौडा यांची निवड हिशेबातील त्रुटींसह इतर कारणांवरून आव्हानित झाली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मर्यादा ओलांडणे हा भ्रष्ट आचार आहे. हिशेब नीट न ठेवणे हा नाही. मात्र चुकीच्या हिशेबाची चौकशी करून कलम १०अ खाली उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. याच सूत्राचा आधार पुढे महाराष्ट्रातील भोकर प्रकरणात घेतला गेला. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या निवडणुकीत पैसे देऊन छापवलेल्या बातम्यांचा खर्च हिशेबात दाखवला नाही, अशी पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांची तक्रार होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा चौकशीचा अधिकार पुन्हा मान्य केला. आयोगाने जुलैमध्ये चव्हाण यांना नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एका विधानसभा मतदारसंघातील जाहिरातीच्या हिशेबावर पाच वर्षे गेली. भरपाई लागू असती, तर चव्हाण यांना रक्कम द्यायची की नाही, हा प्रश्न तितकाच काळ लोंबकळला असता.

हिशेब आणि वस्तुस्थिती यांतील अंतर नेतेही क्वचित बोलून दाखवतात. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात, बीड लोकसभेच्या २००९ च्या निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले. त्या वेळी मर्यादा पंचवीस लाख होती. आयोगाने नोटीस काढली. मुंडे यांचे वाक्य धक्कादायक ठरले ते त्यातील आकड्यामुळे नव्हे. ते माईकसमोर बोलले गेले, इतकेच त्यात नवे होते.

आयोगाची देखरेख कागदावर भक्कम आहे. उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडायचे. खुर्ची, मांडव, चहा, ध्वनिक्षेपक यांचे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतो. बंगळुरू शहरात ही जबाबदारी महापालिकेच्या आयुक्तांकडे असे. व्हिडिओ पथके सभा टिपतात, त्यावरून शॅडो रजिस्टर नावाची समांतर नोंदवही भरली जाते आणि खर्च निरीक्षक प्रचारकाळात तीन वेळा उमेदवाराची वही तिच्याशी ताडून पाहतो. यात खुर्च्या मोजल्या जातात. पाकिटे मोजली जात नाहीत, कारण ती मंडपात वाटली जात नाहीत. राजराजेश्वरी नगर मतदारसंघात मे २०१८ मध्ये जालहळ्ळीतील एका सदनिकेत जवळजवळ दहा हजार मतदार ओळखपत्रे सापडली. मतदान १२ वरून २८ मेपर्यंत पुढे गेले, पण अशा गोष्टीचा खर्च कोणत्या उमेदवाराच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहायचा, याचे उत्तर दरपत्रकात नसते.

बंगळुरूत आणखी एक विसंगती ठळक दिसते. २०२३ च्या निवडणुकीत दक्षिण बंगळुरू आणि महादेवपुरा या विधानसभा मतदारसंघांत प्रत्येकी सहा लाख किंवा त्याहून अधिक मतदार होते. चाळीस लाखांची मर्यादा सहा लाखांत वाटली तर एका मतदारामागे साडेसहा-पावणेसात रुपये येतात; साध्या टपालाच्या पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट लागते. गोव्यातील मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार आहेत, म्हणजे तेथे मतदारामागे सुमारे ९६ रुपये खर्च करता येतात. कर्नाटकाची राज्यव्यापी सरासरी मतदारामागे सतरा रुपयांच्या जवळपास पडते. भरपाई मर्यादेच्या टक्केवारीत बांधली, तर कळंगुटच्या उमेदवाराला महादेवपुऱ्याच्या उमेदवाराच्या चौदापट मदत एका मतदारामागे मिळेल. उलट भरपाई मतांवर बांधली, तर महानगरातील उमेदवाराच्या हाती मर्यादेहून मोठी रक्कम येऊ शकते. भरपाईचे कोणतेही सूत्र आणण्याआधी मर्यादा मतदारसंख्येशी जोडावी लागेल. यावर भारतीय समित्यांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

या समित्यांची मालिका लांबलचक आहे, पण निष्कर्ष थोड्यात सांगता येतात. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये रोख रकमेऐवजी इंधन, मतदारयादी, ध्वनिक्षेपक अशी वस्तुरूप मदत सुचवली. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ च्या अखेरीस तीच दिशा पक्की केली. तिच्या सदस्यांत मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी यांच्याबरोबर मुंबईचे शिवसेना खासदार मधुकर सरपोतदार होते. केंद्राने मतदारामागे दहा रुपये या हिशेबाने ६०० कोटी आणि राज्यांनी मिळून तेवढेच घालून निधी उभारावा, मात्र मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना आणि त्यांच्या उमेदवारांना द्यावी, असे तिने म्हटले. रोख न देण्यामागचा तर्क सरळ होता: पेट्रोलची कूपने लपवता येत नाहीत. तो अपुरा होता, कारण वस्तू मिळाली म्हणजे उमेदवाराचा तेवढा पैसा दुसरीकडे वळवायला मोकळा होतो.

विधी आयोगाच्या १९९९ च्या १७०व्या अहवालाने अट घातली: आधी पक्षांच्या अंतर्गत कारभाराचे आणि हिशेबाचे नियमन करा, मग सरकारी पैसा द्या. बंगळुरूकर माजी सरन्यायाधीश एम. एन. वेंकटाचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगानेही २००२ मध्ये हाच क्रम धरला. कर्नाटकाचेच माजी मुख्यमंत्री वीरप्पा मोईली यांच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने मात्र २००७ मध्ये अंशतः सरकारी निधीची शिफारस केली. सोलापुरात जन्मलेले न्या. अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात पूर्ण निधी अव्यवहार्य ठरवून सध्याच्या अप्रत्यक्ष मदतीवर भर दिला. निवडणूक आयोगाची भूमिका सर्वांत रोखठोक होती. सरकारने दिलेल्या पैशाच्या वर उमेदवार आणि त्याचे पाठीराखे जो खर्च करतील तो थांबवता येणार नसेल, तर सरकारी निधी नको, असे आयोगाने म्हटले.

परवडण्याचा मुद्दा आता आकड्यांत पाहता येईल. कर्नाटकात विधानसभेचे २२४ मतदारसंघ आहेत. प्रत्येकी तीन उमेदवार भरपाईस पात्र ठरले आणि प्रत्येकाला मर्यादेच्या निम्मी, म्हणजे वीस लाख रुपये रक्कम दिली, तर एकूण खर्च १३४ कोटी ४० लाख होतो. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी मांडलेल्या मतामागे शंभर रुपयांच्या सूत्राने हिशेब केला, तर २०२३ मध्ये पडलेल्या सुमारे ३ कोटी ९० लाख मतांसाठी ३९० कोटी लागतात, आणि तेही पाच वर्षांतून एकदा. त्याच २०२३ च्या निवडणुकीत कर्नाटकात पकडलेली रोकड, दारू, दागिने आणि कुकर-साड्यांसारख्या वस्तू यांची किंमत ३७५ कोटींहून अधिक होती. २०१८ मध्ये हाच आकडा ८४ कोटींच्या आत होता. एका राज्यात पकडला गेलेला माल पहिल्या हिशेबातील संपूर्ण भरपाईच्या पावणेतीनपट भरतो. न पकडलेला मोजण्याची सोय नाही. सरकारला भरपाई परवडते. तिने उमेदवाराचा बेहिशेबी खर्च कमी होईल असे मानायला आधार नाही.

पात्रता हा तितकाच कठीण भाग आहे. भारतात तूर्त पैशाचा प्रवाह उलट आहे: उमेदवार सरकारला अनामत देतो आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती गमावतो. महाराष्ट्र एकीकरण समितीने १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगावात उमेदवारांची रीघ लावली. मतपत्रिकेवर ४५६ नावे होती. अनामत तेव्हा ५०० रुपये होती, म्हणजे सर्वांची मिळून फार तर २ लाख २८ हजार. त्याच वर्षी तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि आंध्रातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८०. संसदेने लोकसभेची अनामत दहा हजारांवर नेली. आज ती पंचवीस हजार आहे. आजच्या दराने बेळगावचा तोच निषेध १ कोटी १४ लाखांना पडला असता.

उंबरठा नसलेली भरपाई असती, तर बेळगावचे ४५६ उमेदवार तिजोरीच्या दारात उभे राहिले असते. म्हणून बहुतेक देश मतांची अट घालतात. पण गुप्ता समितीची ‘मान्यताप्राप्त पक्ष’ ही अट मतांच्या अटीहून कडक आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार बेळगाव, खानापूर, येळ्ळूर-उचगाव पट्ट्यात वर्षानुवर्षे भरघोस मते घेत आले आणि विधानसभेतही गेले, तरी राज्यस्तरीय मान्यता नसल्याने दूरदर्शनचा वेळ किंवा फुकट मतदारयादी त्यांच्या वाट्याला येत नाही. एका भाषिक अल्पसंख्याकांच्या प्रादेशिक संघटनेला राज्यभर ठरावीक टक्के मते मिळवणे अशक्यच असते. मतदारसंघातील मतांवर आधारलेला उंबरठा तिला न्याय देईल, पक्षाच्या मान्यतेवर आधारलेला देणार नाही.

दुसऱ्या टोकाला दक्षिण बंगळुरू लोकसभा मतदारसंघाची २०१४ ची लढत आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी पत्नीसह सुमारे ७,७०० कोटींची संपत्ती जाहीर केली होती आणि लोकसभेची मर्यादा तेव्हा ७० लाख होती. भाजपचे अनंतकुमार यांच्याकडून ते दोन लाखांहून अधिक मतांनी हरले, पण एक षष्ठांशाचा टप्पा त्यांनी सहज ओलांडला. भरपाईचा कायदा असता तर ते पात्र ठरले असते. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसा नाही, तो मात्र भरपाईच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून काही देशांत आगाऊ रक्कम देतात किंवा उमेदवार अपेक्षित भरपाईच्या भरवशावर बँकेकडून कर्ज काढतात. हरण्याची शक्यता अधिक असलेल्या नवख्या उमेदवाराला भारतीय बँक असे कर्ज देईल, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

भरपाईची चर्चा पक्षांच्या देणग्यांपासून वेगळी काढता येत नाही. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली. सरकारी पर्याय न देता घातलेल्या या बंदीने व्यवहार रोखीत ढकलला. १९८५ मध्ये ती उठली. २०१८ पासून निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचे नाव झाकले. त्यांची एकूण विक्री १६,५१८ कोटींवर गेली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. कंपनीच्या देणगीवरील, नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जुनी मर्यादाही परत आली. त्या पोकळीत कुरेशी आणि टी. एस. कृष्णमूर्ती या दोन्ही माजी मुख्य निवडणूक आयुक्तांनी मांडलेली राष्ट्रीय निवडणूक निधीची कल्पना पुन्हा चर्चेत आली: देणगी पक्षाला न देता निधीला द्यायची आणि निधीने मतांनुसार वाटायची. देणगीदार पक्षाकडून काही अपेक्षेने पैसे देतो, हे वास्तव मात्र या कल्पनेच्या आड येते.

लोकसभा आणि विधानसभांसाठी भरपाई आणायची तर संसदेला कायदा करावा लागेल. महापालिकांचे तसे नाही. राज्यघटनेच्या कलम २४३झेडए नुसार नगरपालिका-महापालिकांच्या निवडणुकांविषयी तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे आणि त्या घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाचे. बंगळुरू महानगरपालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये १९८ प्रभागांत झाली. सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली, प्रशासक आले आणि २०२४ च्या ग्रेटर बंगळुरू कायद्याने शहराची पाच महापालिकांत विभागणी ठरली. प्रभाग लहान असतो, उमेदवाराची वही पातळ असते आणि बिल देणारा मांडववाला, छापखानावाला त्याच वॉर्डातला असल्याने पडताळणी एका दुपारी होऊ शकते. मतदारसंख्येशी जोडलेली मर्यादा, मतांचा उंबरठा आणि तपासलेल्या बिलांवर निम्मी भरपाई ही तीन कलमे कर्नाटकाच्या किंवा महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही.